ब्याऐंशीला उघडणारा वॉल

मी वॉल बोलतोय. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, पण गॅरेजात सगळे वॉलच म्हणतात. गाडीवाल्या शंभर माणसांपैकी नव्वदांना माझं नावही ठाऊक नसतं, आणि उरलेल्या दहांतले नऊ मला काढून टाकायला पाना घेऊन उभे असतात. तेव्हा ओळख मलाच करून द्यावी लागणार.

मी मुठीत मावेन एवढा आहे. अंगानं पितळी, भोवती स्प्रिंग आणि पोटात मेण. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर मी दार अडवून बसतो. इंजिन थंड असलं की दार बंद. पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. पाणी ब्याऐंशी अंशांवर गेलं की मेण वितळतं, मी उघडतो आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातं. बस, एवढंच माझं काम. कुणाच्या सांगण्यावरून मी लवकर उघडत नाही आणि कुणाच्या धाकानं बंद राहत नाही. माणसांना हे एवढं जमलं असतं तर मला आज तोंड उघडावं लागलं नसतं.

जुन्या जालन्याच्या एका गल्लीत, धान्याच्या दोन आडतींच्या मधे गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. तिथं मी खोक्यात तीन वर्षं पडून होतो. एक दिवस शालू आली. तिनं मला उजेडाकडे धरलं, स्प्रिंग दाबून पाहिली.

"कशाला घेता ताई?" दुकानदार म्हणाला. "आपल्याकडं तर समदे काढून टाकतेत. ऊन केवढं हाय इथं!"

"काढतेत म्हणूनच घेऊन राह्यले," शालू म्हणाली.

ते एक वाक्य ऐकलं आणि मी तिचा झालो.

शालूच्या बापाचं, राधाकिसन उस्तादांचं गॅरेज अंबड चौफुलीच्या अलीकडे, त्याच्या मागंच घर. चाळीस वर्षांचा हात. उस्तादांचा बाप मेंढरं राखायचा. मेंढराचा कान मुठीत धरून तो ताप सांगायचा म्हणे. उस्ताद तसंच रबरी पाइपावर तळवा ठेवून इंजिनाचा ताप सांगायचे, आणि बराबर सांगायचे. शालूनं डिप्लोमा केलेला. ती लॅपटॉप लावून तोच ताप आकड्यात वाचायची. बापलेकीची यावरून रोज जुंपायची. पण ती भांडणं प्रेमाची होती, असं मला तेव्हा वाटायचं.

ज्या गाडीसाठी मला आणलं ती शौनकची. शौनक म्हणजे नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीतला अधिकारी. वडिलांची जुनी, लहानशी गाडी त्याला विकवत नव्हती आणि तिचं म्हातारं इंजिन चढावर दम टाकायचं. म्हणून शालूनं त्या गाडीत मोठ्या गाडीचं, पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शनचं इंजिन बसवलं. नवी वायरिंग, नवा कॉम्प्युटर. किती तापमानाला किती पेट्रोल द्यायचं, याचं सगळं गणित तिनं स्वतः लिहिलं. तिचं हे पहिलं स्वतःचं काम.

उस्तादांनी तिला शब्द दिला होता. "ही गाडी बराबर चालली तर बाजूचं शटर तुझं. बोर्ड लाव तुझ्या नावाचा." पोरीनं बोर्ड रंगवूनही आणला होता, 'शालू इंजेक्शन वर्क्स'. गाडी बराबर चालल्याचं कळेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

मला बसवण्याआधी शालूनं माझी परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातलं चहाचं पातेलं उचललं, त्यात मला दोऱ्यानं सोडलं आणि तापमापी धरून बसली. साखराबाई, म्हणजे तिची आई, ओरडली, "अगं भवाने, त्यात चहा करतेत!" उस्ताद दारातून हसले. "वॉलचा काढा करून राह्यली का?" पाणी ब्याऐंशीवर गेलं आणि मी उघडलो. शालूनं टाळी वाजवली. मग कानसीनं माझ्या कडेवर एक बारीक ठिपका कोरला. मला बसवताना वरची बाजू कळावी म्हणून.

बसवलं मात्र उस्तादांनी. माझं घर इंजिनाच्या पोटात, हवेच्या पाइपाखाली अडचणीत. तिथं हात घालायला सराव लागतो. "बैस रे दरवाना," असं म्हणून त्यांनी माझ्यावर झाकण चढवलं. खोटं कशाला बोलू, तो म्हातारा मला आवडला होता.

गाडी चालू केली तेव्हा शालूनं इंजिनावर चहाचा कप ठेवला. चहा हलला नाही. उस्तादांनी तो कप उचलला, एका घोटात संपवला आणि म्हणाले, "झकास."

त्यानंतर आठ दिवसांनी माझा केसानं गळा कापला गेला.

दिवाळीआधीचे दिवस होते. ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. शालू मैत्रिणीच्या साखरपुड्याला अंबडला गेली होती. उस्ताद गाडी घेऊन परतूरला एक चक्कर मारायला निघाले, लांबची ट्रायल म्हणून. परतूरच्या बाजारात कापूस यायला लागला होता. कापसाच्या टेम्पोमागं टेम्पो, आणि हवेत नुसतं रुईचं पीठ. ती रुई रेडिएटरच्या जाळीवर बसत गेली. परतीच्या वाटेवर काटा वर चढला. मी केव्हाच पूर्ण उघडून बसलो होतो हो! पण पुढं रेडिएटरलाच श्वास घेता येईना, तिथं मी काय करणार?

गॅरेजमधे येऊन उस्तादांनी बोनेट उघडलं. जाळीवरची रुई दिसली, हवेचा पाइप मारून साफ केली. रोग तिथंच संपला होता. पण चाळीस वर्षांची सवय! गाडी गरम झाली की मला काढायचं, हा इथला धर्मच. "आपल्या मुलखात याचं काय काम," असं पुटपुटत त्यांनी मला उपटलं, रिकाम्या घरावर झाकण लावलं आणि मला बिस्किटांच्या बिनझाकणाच्या डब्यात टाकलं. मेकॅनिक माणूस काही फेकत नाही. कधीतरी कामाला येईल म्हणतो.

दरवाना म्हणून बसवलं आणि कचऱ्यासारखं टाकलं. शालूला सांगितलं? छे! संध्याकाळी ती आली तर म्हणाले, "ट्रायल मस्त झाली."

तो डबा कामाच्या टेबलावरच्या फळीवर होता. तिथून पुढचं सगळं मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि गाडी घेऊन गेलेला शौनक पहिल्यांदा तक्रार घेऊन आला. "शालूताई, सिग्नलला गाडी थरथरते. मधेच बंद पडते. आणि पेट्रोलचा केवढा वास येतोय!" मागून काळा धूर होता. प्लग काढले तर चुलीतल्या कोळशासारखे काळे.

मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. दाराला दरवानच नाही म्हटल्यावर पाणी सारखं रेडिएटरमधून फिरणार आणि इंजिन कधी तापणारच नाही. कॉम्प्युटरला वाटणार, इंजिन अजून गारठलेलंच आहे. मग तो बिचारा थंडीतल्या सकाळी द्यावं तसं जास्तीचं पेट्रोल दिवसभर ओतत राहणार. त्या पेट्रोलनं इंजिन गुदमरतं, म्हणून थरथरतं. एवढी साधी गोष्ट. आणि शालू माझ्यापासून तीन हातांवर उभी राहून प्लग पुसत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

तिनं काय काय नाही केलं! प्लग बदलले. इंजेक्टर साफ केले. हवा कुठून चोरून आत शिरते का, म्हणून एकेक पाइप साबणाच्या पाण्यानं तपासला. शौनक दर शनिवारी गाडी आणायचा आणि दर वेळी त्याचा चेहरा जरा जास्त लांबायचा. शेवटी लॅपटॉपवर तिला तो आकडा टोचला. अर्धा तास गाडी पळवून आणली तरी तापमान बावन्न.

"सेन्सर खोटं बोलून राह्यला," ती म्हणाली आणि नवा सेन्सर लावला. नवाही म्हणाला, बावन्न.

ती थांबली. कपाळावरचे केस ग्रीसच्या हातानंच मागं सारले. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला.

"आप्पा, आतमधी वॉल आहे ना?"

उस्ताद माझ्याच डब्यात बोल्ट शोधत होते. त्यांची बोटं माझ्यावर आली आणि तिथंच थांबली. त्यांना आठवलं. देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणाला त्यांना सगळं आठवलं. शौनक दारातच उभा होता. उस्तादांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"तूच तर आणलाय. मीच बसवला. मंग कुठं जातो?"

"अडकला असंल का? उघडून पाहू?"

"नवा वॉल अडकत असतो का? तू सोता उकळून पाह्यला न्हाई का? ते घर अॅल्युमिनियमचं हाय. पेच तुटला तर आख्खं इंजिन खाली घ्यावं लागंल. राहू दे."

आणि शालूनं पाना खाली ठेवला. बापाचा शब्द तिला सेन्सरपेक्षा मोठा वाटला. कुंपणच शेत खातंय, हे त्या पोरीच्या स्वप्नातही आलं नाही.

मग ती स्वतःच्या बरोबर असलेल्या गणितात चूक शोधायला बसली. इकडचं पेट्रोल कमी करून पाही, तिकडचं करून पाही. एक बरं झालं की दुसरं बिघडे. जेवण अर्धवट टाकून उठायची. साखराबाई म्हणायची, "खा ग दोन घास, गाडी काय पळून जाती का?" शेवटी एका दुपारी तिनं सगळे आकडे पुसले आणि पहिल्या दिवशीचे होते तसे परत भरले. "यात मला चूक दिसत न्हाई," एवढंच म्हणाली. आवाज रडका होता, पण आकडे तिचे होते.

चौथ्या शनिवारी शौनकचा धीर सुटला. माणूस वाईट नव्हता, बोललाही सभ्यपणे. "शालूताई, राग मानू नका. तुमची मेहनत दिसते मला. पण लॅपटॉपवर शिकणं वेगळं आणि इंजिन कळणं वेगळं. काका, आता तुम्हीच बघा. ताईंना हात लावू देऊ नका, प्लीज."

अजूनही वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरेसं होतं. 'साहेब, वॉल मी काढलाय.' चार शब्द! मी वाट पाहत होतो. शालू खाली बघून हात पुसत होती.

"बराबर हाय साहेब," उस्ताद म्हणाले. "पोरीचं वय हाय, चुका व्हायच्याच."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

रविवारी शालू आईला घेऊन बाजारात गेली आणि उस्ताद एकटेच गाडीपाशी आले. त्यांनी मला डब्यातून उचललं. वाटलं, आता नेतात मला घरी. पण माझ्या कडेवरचा ठिपका त्यांना दिसला, आणि त्यांनी मला विस्तवाला हात लागावा तसं परत टाकलं. खिशातून दुसरा नवा वॉल काढला. कोरा, बिनखुणेचा. तो बसवला. गाडी चालू केली. दहा मिनिटांत इंजिन तापलं, थरथर गेली, धूर गेला. शालूच्याच गणितावर, तिनं लिहिलेल्या एकेका आकड्यावर ती गाडी गोड चालायला लागली.

शौनक संध्याकाळी पेढे घेऊन आला. "जुना हात तो जुना हात, काका! नेमकं काय होतं?"

"वायरिंगमधी एक जोड ढिला राह्यला होता," उस्ताद म्हणाले.

वायरिंग शालूची. ती तिथंच उभी होती. पेढा हातात घेतला तिनं. आणि मला सांगताना अजून लाज वाटते, ती बापाच्या पाया पडली. "चुकलं आप्पा. तुम्ही होते म्हणून निभावलं."

शटर एका बॅटरीवाल्याला द्यायचं ठरलं. एका शोरूममधे गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घ्यायची नोकरी शालूनं धरली. गाडीला हात लावायचा नाही, फक्त लिहायचं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. शनिवारी बॅटरीवाल्याचा रॅक भिंतीला ठोकायला उस्तादांनी तिला बोल्ट काढायला सांगितलं. तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि माझा डबा त्यावर उपडा केला.

बोल्ट, वॉशर, गंजलेल्या स्प्रिंगा, आणि मी.

तिनं मला उचललं. बोटानं पुसलं. ठिपका दिसला. ती उठून आत गेली, चहाचं पातेलं चुलीवर चढवलं, मला दोऱ्यानं सोडलं आणि तापमापी धरली. यावेळी साखराबाई ओरडली नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, नाही उघडलो तर? अडकून बसलो तर? मग हा खराब निघाला म्हणून काढला असेल, असं तिला वाटेल आणि तिचा बाप तिला परत मिळेल. पण माझ्या हाती काय आहे? पाणी ब्याऐंशीवर गेलं आणि मी उघडलो.

ती मला फडक्यात धरून बाहेर आली तेव्हा दारात शौनकच उभा. "काका, माझ्या साहेबांनापण असंच इंजिन बदलून हवंय. पण एक अट हां, हात तुमचाच हवा." शालूनं मला मुठीत धरलं होतं, मी अजून चटके देत होतो. ती बापाकडे बघत राहिली. उस्तादांनी तिच्या मुठीतलं फडकं पाहिलं, फडक्यातून डोकावणारी माझी कडा पाहिली. त्यांना सगळं समजलं.

"हो साहेब," ते म्हणाले. "मीच करीन."

शौनक गेल्यावर तिनं मला त्यांच्यापुढं ठेवलं. "कामून सांगितलं न्हाई आप्पा?"

"चाळीस वर्षं झाली शालू," उस्ताद म्हणाले. मान खाली होती. "लोक काय म्हणले असते? उस्तादाला साधा वॉल कळत न्हाई म्हणून?"

"अन् मला काय म्हणले, ते ऐकू आलं न्हाई का तुम्हाला? मी तुमच्या पाया पडले आप्पा. तुम्ही पडू दिलं."

उस्तादांनी नुसता तळवा माझ्यावर ठेवला. मी तेव्हा गार झालो होतो.

सोमवारी शालू नोकरीवर गेली नाही. भिंतीकडचा बोर्ड उचलून परतूरला गेली. साखराबाईच्या भावाचं, सुग्रीवमामाचं तिथं बाजारामागं पत्र्याचं शेड होतं. त्यात तिनं बोर्ड लावला. साखराबाईनं जाताना ते चहाचं पातेलंही तिच्या पिशवीत घातलं. मला तिनं दोऱ्यानं खिळ्याला टांगलं, टेबलाच्या बरोबर वर. वर्ष झालं त्याला. गाड्या येतात. कापसाच्या दिवसांत तर रीघ लागते, कारण जाळीतली रुई आधी बघायची असते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही.

गेल्या पंधरवड्यात उस्ताद आले. गिऱ्हाइकाची गाडी घेऊन, स्वतः चालवत. गाडी थरथरत होती, मागून काळा धूर. "हे तुलाच जमंल असं काम हाय," म्हणाले. केस पार पांढरे झालेले. शालूनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग बोनेट उघडलं आणि नेहमी सगळ्यांना विचारते तेच विचारलं.

"वॉल आहे का आतमधी?"

"हाय," उस्ताद म्हणाले. "म्या सोता पाहून आलोय, शालू. यावेळी खरंच हाय."

शालूनं मान डोलावली. पाना उचलला. आणि झाकणाचे बोल्ट खोलायला लागली.

म्हातारा खुर्चीत बसून बघत राहिला. एक बोल्ट निघाला, दुसरा निघाला. झाकण वर आलं. आत वॉल होता. चांगला, चकचकीत, जागच्या जागी. उस्ताद खरं बोलले होते.

"आहे," शालू म्हणाली. तिनं नवं पॅकिंग लावलं, बोल्ट परत आवळले आणि लॅपटॉप उघडून दुसरा रोग शोधायला लागली. उस्तादांनी डोळे पुसले का ते मला नीट दिसलं नाही, त्यांनी तोंड रस्त्याकडे केलं होतं.

मी खिळ्यावर लटकलोय. गाडीत परत बसायची हौस फिटली माझी. तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या हातून माझ्यासारखा कुणी निघाला असेल, चुकून, सवयीनं, घाईनं, तर पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगून टाका. मला परत बसवता येतं, दहा मिनिटांचं काम आहे ते. पण शालू आता कुणाच्याच शब्दावर झाकण बंद ठेवत नाही, आणि त्यावर कुठल्याच गॅरेजात इलाज नाही.